काय, विशेष काही?

श्रोतेहो, नमस्कार.

खूप वर्षांनी एखादं माणूस रस्त्यात अचानक समोर येतं. एकेकाळी ज्याच्याशिवाय आपला दिवस सरत नसे, असं माणूस. आणि आपल्या तोंडून शब्द निघतात ते कुठले? 'काय, विशेष काही?' बास. मग कसं चाललंय, तू अगदी होतास तसाच आहेस, ते तुझं प्रकरण पुढे कुठवर गेलं, अशी इकडची तिकडची चौकशी. जे बोलायचं असतं ते ओठांपर्यंत येतं आणि मागे फिरतं. या एवढ्याशा प्रसंगावर अमेरिकेत १९३९ साली एक गाणं तयार झालं. त्याचं नाव 'व्हॉट्स न्यू'. त्यात बोलणारं माणूस निरोप घेतं, विचारलं म्हणून माफी मागतं आणि अगदी शेवटी मनातल्या मनात म्हणतं, की तुला कुठून कळणार, पण मी बदललेलो नाही, माझं अजून तुझ्यावर तितकंच प्रेम आहे.

गंमत अशी की या चालीला आधी शब्दच नव्हते. बॉब क्रॉस्बीच्या वाद्यवृंदात बॉब हॅगार्ट नावाचे बास वाजवणारे कलाकार होते. त्यांनी १९३८मध्ये ही चाल बांधली ती बिली बटरफील्ड या ट्रम्पेटवादकासाठी. जॉनी बर्क यांचे शब्द आले पुढच्या वर्षी. वाद्यासाठी बांधलेली चाल गळ्याची फारशी दयामाया करत नाही. तिचा पल्ला मोठा, उड्या मोठ्या. म्हणून हे गाणं ऐकायला जितकं साधं, गप्पा मारल्यासारखं वाटतं, तितकं गायला सोपं नाही.

आज मला ज्या अल्बमबद्दल बोलायचं आहे, त्याचं नावच 'व्हॉट्स न्यू'. वर्ष १९८३, गायिका लिंडा रॉनस्टॅट. अल्बममधली नऊच्या नऊ गाणी जुनी, इतरांनी आधी गाजवलेली. ज्याला आपण 'कव्हर' म्हणतो, तशी.

लिंडा ॲरिझोना राज्यातल्या टूसॉनची, जन्म १९४६चा. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या सगळ्यात लोकप्रिय रॉक गायिकांमध्ये तिचं नाव घेतलं जायचं. १९७१मध्ये तिच्या साथीला जी मुलं वाजवायची, त्यांनीच पुढे 'ईगल्स' हा बँड काढला. आवाज भरदार, गिटार आणि ड्रम्सच्या वर सहज उठणारा. ती स्वतः गाणी फारशी लिहीत नसे. दुसऱ्यांची निवडायची आणि आपली करून गायची, हीच तिची रीत. १९७७च्या अखेरीस तिची दोन गाणी एकाच वेळी 'बिलबोर्ड' या संगीत-साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या पाचांत होती, 'ब्लू बायू' आणि 'इट्स सो ईझी'. पहिलं मूळचं रॉय ऑर्बिसनचं, १९६३चं. दुसरं बडी हॉली आणि त्याच्या 'क्रिकेट्स'चं, १९५८चं.

म्हणजे दुसऱ्याचं गाणं गाणं तिला नवीन नव्हतं. मग १९८३मध्येच तिच्या जवळच्या मंडळींना एवढी धास्ती का वाटावी? कारण ही गाणी तिच्या पिढीची नव्हती, तिच्या आईवडिलांच्या पिढीची होती. १९२०पासून पुढची तीसेक वर्षं ब्रॉडवेच्या नाटकांतून आणि चित्रपटांतून जी गाणी आली, त्यांना तिकडे 'ग्रेट अमेरिकन साँगबुक' म्हणतात. असं काही छापील पुस्तक नाही बरं का! ती एक मनातली यादी आहे: गर्शविन, अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर अशा गीतकार-संगीतकारांच्या गाण्यांची. रॉक आलं आणि ही गाणी अडगळीत गेली. तरुणांना ती म्हाताऱ्यांची वाटू लागली. अशा वेळी यशाच्या शिखरावरच्या रॉक गायिकेने ती गायची म्हणजे आहे तो श्रोताही गमवायचा, असं रेकॉर्ड कंपनीला वाटत होतं. तिचा निर्माता पीटर ॲशर हासुद्धा साशंक होता.

लिंडाने एक प्रयत्न आधी करून पाहिला होता. १९८१च्या सुमारास जेरी वेक्सलर या निर्मात्याबरोबर, छोट्या जॅझ संचाच्या साथीने. ध्वनिमुद्रण झालं, पण ते तिला पटलं नाही आणि अल्बम बाहेर आलाच नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. इतकी मेहनत, इतका खर्च झाल्यावर 'हे जमलेलं नाही' असं म्हणून बाजूला ठेवायला छाती लागते. शिवाय त्यातून तिला एक गोष्ट उमगली असावी. गाणी बरोबर होती, गळा बरोबर होता, कमी होती ती या गाण्यांची भाषा जाणणाऱ्या माणसाची.

तो माणूस म्हणजे नेल्सन रिडल.

रिडल हे अरेंजर, संगीत संयोजक. नॅट किंग कोल, एला फिट्झजेराल्ड आणि सगळ्यांत जास्त फ्रँक सिनात्रा यांच्या गाण्यांमागचा वाद्यमेळ त्यांच्या लेखणीतून उतरलेला. लिंडाने त्यांना गाठलं तेव्हा ते साठीच्या पुढे होते आणि रॉकच्या जमान्यात त्यांच्या कामाला पूर्वीसारखी मागणी राहिली नव्हती. तिने आधी एखाद्या गाण्याबद्दल विचारणा केली. त्यांचं म्हणणं पडलं, की एकेकट्या गाण्याचं काम मी करत नाही, करायचा तर अख्खा अल्बम करू.

आता संयोजक नेमकं करतो काय? रॉकच्या बँडबरोबर गाताना गायकाला बरीच मोकळीक असते. पट्टी जमली नाही तर जागच्या जागी बदलली, एखादी ओळ लांबवली, तरी चार-पाच वादक नजरेच्या खुणेवर सांभाळून घेतात. पूर्ण वाद्यवृंदाचं तसं नसतं. प्रत्येक वादकासमोर त्याचा कागद असतो. पट्टी आधी ठरवावी लागते. गायिका दम कुठे घेणार, कुठल्या शब्दावर थांबणार, हे संयोजकाला लिहितानाच माहीत असावं लागतं, कारण नेमक्या त्या रिकाम्या जागेत तो व्हायोलिनची एक ओळ किंवा बासरीचे दोन स्वर ठेवून देतो. रिडल यांची खासियत हीच. त्यांचे व्हायोलिन गायकाला झाकत नाहीत, तो श्वास घेतो तेवढ्यात बोलून घेतात.

आणि एक मोठी विलक्षण गोष्ट. १९५८मध्ये रिडल यांनी सिनात्रासाठी एक अल्बम केला होता, 'ओन्ली द लोन्ली'. सगळी एकटेपणाची गाणी. लिंडाच्या नऊ गाण्यांपैकी तीन त्या अल्बममध्ये आहेत: 'व्हॉट्स न्यू', 'गेस आय'ल हँग माय टिअर्स आउट टू ड्राय' आणि 'गुडबाय'. म्हणजे पंचवीस वर्षांनी त्याच माणसाने तीच गाणी पुन्हा लिहायला घेतली, दुसऱ्या गळ्यासाठी. श्रोतेहो, दोन्ही अल्बम मिळाले तर एकामागून एक नक्की ऐका. सिनात्रा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या 'व्हॉट्स न्यू'मध्ये मला सगळं संपल्याचं कळून चुकलेला माणूस ऐकू येतो. प्रश्न विचारतो, पण उत्तराची वाट बघत नाही. लिंडा गाते तेव्हा तीच चाल, तेच थांबे, पण ती खरंच विचारते आहे असं वाटतं. अजून कुठेतरी आशा शिल्लक असलेली सदतीस वर्षांची बाई. गाण्यात बदल काहीच नाही. बदललं ते बोलणारं माणूस, आणि तेवढ्याने गाण्याचा अर्थ हलला.

कव्हर अल्बम ऐकताना मी हेच शोधत असतो. नवा ठेका घातला, वेग वाढवला, मधे चार आधुनिक वाद्यं आणली, म्हणजे गाणं नवं झालं असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आपल्या रागसंगीतात एकच बंदिश पिढ्यानुपिढ्या गातात आणि तिला कुणी 'कव्हर' म्हणत नाही. पण तिथे गायकाला विस्ताराला मोकळं रान असतं. इथे तीन-चार मिनिटं, लिहिलेली चाल आणि ठरलेले शब्द. गायकाच्या हातात उरतं काय? श्वास, शब्दावरचा भार, आणि आपलं वय.

वयावरून अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशची आठवण होते. २००२मध्ये सत्तर वर्षांच्या कॅशने 'हर्ट' हे गाणं गायलं. मूळ गाणं 'नाइन इंच नेल्स' या रॉक बँडच्या ट्रेंट रेझनॉरचं, १९९४चं, एका तरुणाच्या आत्मक्लेशाचं. कॅशने त्यातला एकच अपशब्द काढून तिथे काटे घातले, काट्यांचा मुकुट. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता, त्या दोन शब्दांचं ओझं त्याला माहीत होतं. थकलेल्या आवाजात तेच गाणं तरुणाचं राहिलं नाही, सगळं आयुष्य मागे टाकून बसलेल्या माणसाचं झालं. पुढच्याच वर्षी तो गेला.

आणि ज्याला आपण 'मूळ' म्हणतो, ते तरी किती मूळ असतं? लिंडाच्या अल्बममध्ये गर्शविन बंधूंची दोन गाणी आहेत. 'समवन टू वॉच ओव्हर मी' १९२६चं, एका संगीत नाटकातलं. जॉर्ज गर्शविन यांनी ते आधी जलद, नाचाच्या लयीत बांधलं होतं. एकदा वाजवता वाजवता त्यांनी लय संथ केली, आणि त्यांच्या व भाऊ आयरा यांच्या ध्यानात आलं की या गाण्याचा जीव संथ लयीतच आहे. दुसरं गाणं, 'आय हॅव गॉट अ क्रश ऑन यू', १९२८चं. तेही नाटकात जलद लयीतच गायलं जायचं. १९३९मध्ये ली वायली या गायिकेने ते संथ गायलं. ते आयरा यांना इतकं आवडलं, की स्वतःच्या गाण्याचं खरं रूप त्यांना तिथे सापडलं. म्हणजे आज जगाला ठाऊक असलेलं हे प्रेमगीत एका कव्हरमधून जन्मलेलं आहे. पुढच्या बहुतेक गायकांनी, लिंडानेसुद्धा, ते तसंच संथ गायलं. ली वायलीने लय उतरवली नसती, तर हे गाणं त्या नाटकाबरोबरच विसरलं गेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

लिंडाचा अल्बम निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. ती जॅझ गायिका नव्हे. जॅझमध्ये गायक ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळतो, शब्द उशिरा टाकतो, आणि त्या रेंगाळण्यातच सगळी खुमारी असते. बिली हॉलिडेचं 'लव्हर मॅन' ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. ते गाणं लिंडानेही या अल्बममध्ये घेतलं आहे. सूर स्वच्छ, आवाज देखणा, पण बिलीच्या आवाजातली ती जखम तिथे नाही. हे गाणं तिने घ्यायला नको होतं, असं माझं मत. बर्लिन यांचं 'व्हॉट'ल आय डू' मात्र तिच्या सरळ गाण्याने उजळलं आहे. तू गेलास तर मी काय करू, इतकंच ते गाणं विचारतं. त्याला हरकती नकोतच. तिथे सूर नुसता नेमका लागावा लागतो, आणि तो लागतो.

कंपनीची भीती खोटी ठरली. तो मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चा काळ होता, तरी 'व्हॉट्स न्यू' बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या तीस लाखांवर प्रती गेल्या. शीर्षकगीताच्या संयोजनासाठी रिडल यांना ग्रॅमी मिळालं. ज्या मुलांनी रॉकपलीकडे काही ऐकलं नव्हतं, ती या गाण्यांमागचे सिनात्रा, एला, बिली शोधत मागे गेली. लिंडा आणि रिडल यांनी १९८४मध्ये दुसरा अल्बम केला, 'लश लाइफ'. तिसऱ्याचं काम चालू असताना, ऑक्टोबर १९८५मध्ये, रिडल गेले. उरलेल्या गाण्यांच्या वेळी वाद्यवृंदासमोर टेरी वुडसन उभे राहिले. कागदावरची अक्षरं रिडल यांचीच होती. तो अल्बम १९८६मध्ये आला.

या यशाने लिंडाला आणखी एक बळ दिलं. १९८७मध्ये तिने वडिलांकडून ऐकलेली मेक्सिकन गाणी स्पॅनिशमध्ये गायली, 'कांसियोनेस दे मी पाद्रे', म्हणजे माझ्या वडिलांची गाणी. पुन्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं, आणि पुन्हा लाखो श्रोते मिळाले. तिची शेवटची मैफल २००९मधली. पुढे आजाराने गळ्यावरचा ताबा गेला, आणि आता गाता येणार नाही हे तिने २०१३मध्ये जाहीरपणे सांगितलं.

आता आपण शीर्षकगीत ऐकणार आहोत. त्याआधी एका जागेकडे तुमचं लक्ष वेधतो. मुखडा दोनदा होतो. मग मधलं कडवं येतं, तिथे कान द्या. नवी चाल येत नाही, मुखड्याचीच ओळ येते, पण मध्यमावर चढून, जणू षड्जच तिथे सरकला आहे. शब्दही पुन्हा तेच, 'काय, विशेष काही?' आणि लगेच, 'बहुतेक मी कंटाळा आणते आहे तुला.' तोच प्रश्न तिसऱ्यांदा, पण आता वरच्या जागेवरून. त्या प्रश्नाच्या आधी ती जो श्वास घेते, तो चुकवू नका.