पांढरी एकचा तार सा आणि नाही म्हणायची कला

टेनर, म्हणजे ऑपेरातला उंच पट्टीचा पुरुष गायक, म्हटलं की आपल्याला पावारोट्टी, त्यांचा पांढरा रुमाल आणि दाढी एवढंच आठवतं. त्यांच्यावर यूट्यूबवर ढीगभर आहे, म्हणून आज मी बोलणार आहे दुसऱ्या एका टेनरबद्दल, हुआन दिएगो फ्लोरेसबद्दल, तेही जास्त करून त्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल.

जन्म १९७३ चा, पेरूमधलं लिमा. वडील गिटारवर तिथली क्रिओल गाणी गाणारे आणि याला स्वतःलाही पॉपच गायचं होतं. १७ व्या वर्षी तो तिथल्या संगीत कॉन्झर्व्हेटरीत गेला आणि तिथे क्लासिकलच्या नादाला लागला. मग फिलाडेल्फियाचं कर्टिस इन्स्टिट्यूट, जिथे ट्यूशन फी कोणालाच नसते, नाहीतर लिमाहून तिथे शिकायला जाणं परवडतं कोणाला?

१९९६ चा ऑगस्ट. इटलीतलं पेझारो, म्हणजे ऑपेरा संगीतकार रॉसिनीचं जन्मगाव, तिथे दरवर्षी त्याच्याच ऑपेरांचा फेस्टिव्हल भरतो. फ्लोरेस तिथे एका छोट्या रोलसाठी गेलेला. आणि दुसऱ्या एका ऑपेरातला, 'मातिल्दे दी शाब्रान'मधला मेन टेनर आयत्या वेळी गळाला. आता हा ऑपेरा क्वचितच होणारा, त्यामुळे रोल पाठ असलेला माणूस फोन करून बोलावणार कुठून? फ्लोरेसने तो थोड्या दिवसांत बसवला आणि गायला, आणि त्याच डिसेंबरमध्ये तो मिलानच्या ला स्काला या प्रसिद्ध ऑपेरा थिएटरच्या सीझन ओपनिंगला, कंडक्टर रिकार्दो मुतींच्या हाताखाली. वय २३!

लोक म्हणतात नशीब. आहेच हो नशीब, पण या धंद्यात कोणाचा तरी घसा बसतो आणि दुसऱ्या कोणाचं तरी करिअर सुरू होतं हे नेहमीचंच आहे. पावारोट्टीसुद्धा १९६३ मध्ये लंडनला दि स्तेफानो या टेनरच्या जागीच उभे राहिले होते. जर्मनीत थिएटरची पगारी नोकरी मिळते काही जणांना, बाकी फ्रीलान्स, म्हणजे पैसे शोचे, आणि सर्दी झाली, गायला नाहीत, तर बहुतेक वेळा फी पण नाही. महिना महिना रिहर्सल केलेली असते तरी. त्यामुळे हे लोक एसीला आणि शिंकणाऱ्या माणसाला का घाबरतात ते कळतं.

आता आवाजाचं. टेनरची कसोटी पाहणारा वरचा सूर म्हणजे हाय सी, आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एकचा तार सा. तो पूर्ण आवाजात, माइकशिवाय, खाली ऑर्केस्ट्रा वाजत असताना. दोनिझेत्ती या संगीतकाराच्या 'ला फिय द्यु रेजिमाँ' ऑपेरामधल्या एका गाण्यात असे नऊ येतात. २००७ मध्ये ला स्कालात फ्लोरेसने ते गायले, पब्लिक ऐकेना, तेव्हा ते परत गायला आणि १९३३ पासून तिथे एकट्या गायकांसाठी पाळलेली एन्कोअरबंदी मोडली. बालगंधर्वांच्या एकेका पदाला वन्स मोअर घेत रात्र काढणाऱ्या आपल्या लोकांना ही बंदीच मुळात गंमतशीर वाटेल.

पण मला जास्त कौतुक आहे ते २००८ चं. 'रिगोलेत्तो'मधला ड्यूक म्हणजे टेनर लोकांचा हिट रोल, त्यातलं 'ला दोन्ना ए मोबिले' ऑपेरा न बघणाऱ्यांनाही माहीत असतं. फ्लोरेसने तो लिमाला आणि ड्रेस्डेनला केला, आपल्या हलक्या आवाजाला तो मानवत नाही हे ओळखलं आणि सरळ बाजूला ठेवून दिला. नाव झालंय, कोणतंही थिएटर हवं ते द्यायला तयार आहे, आणि हा बाबा पुन्हा रॉसिनीकडे! तरुण टेनरला नेमकं हेच जमत नाही. समोर मोठं थिएटर आणि मोठा रोल आला की एजंटला नाही कसं म्हणायचं, पुन्हा बोलावलं नाही तर?

'ला त्राव्हियाता'मधला आल्फ्रेदो हाही टेनरचा असाच मोठा रोल, तो त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरामध्ये गायला तो २०१८ च्या डिसेंबरमध्ये. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता.