खलनायकाच्या घरी मुक्काम

नमस्कार मंडळी. संध्याकाळची वेळ आहे, कुणी इथे बडोद्यात सुरसागरच्या काठाला बसून मोबाईलवर ऐकत असेल, कुणी दांडिया बाजारातल्या घरात कुकर लावता लावता ऐकत असेल, तर आज मला तुमच्याशी एका अशा गोष्टीबद्दल बोलायचंय जी आमच्याच घरात घडली आणि तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ऑक्टोबर २०२० मध्ये शेअर घोटाळ्यातला दलाल हर्षद मेहता याच्यावरची ती सिरीज आली, स्कॅम १९९२. कोरोनामुळे सासऱ्यांना आम्ही घराबाहेर पाठवत नव्हतो, बिचारे कंटाळले होते, तर माझ्या मुलाने त्यांना टीव्हीवर ती लावून दिली. दहा एपिसोड. आता आमच्या बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, आणि त्या १९९२ चं नातं काय ते आधी सांगते. १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास असलेला सेन्सेक्स १९९२ च्या एप्रिलमध्ये ४४६७ वर गेला होता, बडोद्याचं स्वतःचं स्टॉक एक्स्चेंज नुकतंच झालेलं, पानाच्या गल्ल्यावर लोक एसीसी या सिमेंट कंपनीच्या शेअरचा भाव विचारायचे, आणि त्या वाऱ्यात आमच्या बाबांनी पीएफवर लोन काढून शेअर घेतले. ताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले पैसेसुद्धा त्यातच घातले. एप्रिल संपता संपता सगळं बसलं. ताईंचं ठरत आलेलं लग्न मोडलं, आणि पुढे झालं ते तीन वर्षांनी.

आणि हेच बाबा, त्या सिरीजमध्ये सीबीआय हर्षदला पकडायला येते तेव्हा सोफ्याच्या अगदी कडेला येऊन बसलेले. चहाचा कप हातात तसाच, वर साय धरलेली, आणि एकदम म्हणाले, "जाऊ द्या रे त्याला, एकट्यानेच खाल्ले का पैसे?" माझा मुलगा बघतच राहिला. म्हणाला, "आजोबा, तुमचेच गेले ना?" त्यांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवर रिंगटोन कुठली, तर त्या सिरीजची धून.

मला बाबांना काही बोलायचा हक्कच नव्हता, कारण मी पण तेच करत होते. सिरीजमध्ये सुचेता दलाल आहेत, ज्यांनी २३ एप्रिल १९९२ ला टाइम्स ऑफ इंडियात ती बातमी दिली, म्हणजे खरं बघितलं तर बाबांसारख्या माणसांच्या बाजूने उभी राहिलेली ती एक पत्रकार, आणि ती बँकेच्या कागदांच्या मागे लागली की माझ्या पोटात गोळा यायचा की आता हा सापडणार. बँका एकमेकींना सरकारी रोखे विकताना प्रत्यक्ष रोखे न देता बीआर, म्हणजे बँक रिसीट, नावाची पावती द्यायच्या, मागे काहीच नसलेल्या तशा पावत्या फिरवून बँकांचा पैसा शेअर बाजारात आणला गेला, रिझर्व्ह बँकेच्या जानकीरामन समितीने हा आकडा चार हजार कोटींच्या वर काढला. हे सगळं मला समजत होतं हो, तरीपण मनात एकच, सुटू दे. असं का होतं?

आपल्याकडे पटकन म्हणतात की समाजच बिघडलाय, लोकांना आता रावण आवडतो. मला हे मुळीच पटत नाही. बाबांनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही. माझ्या मते प्रश्न आपल्या नीतीचा नाहीच, कॅमेरा कुणाच्या घरी मुक्कामाला आहे याचा आहे. ज्याच्या घरी आपण राहतो, त्याच्याबरोबर जेवतो, त्याची आई त्याला काय म्हणते ते ऐकतो, तो रात्री एकटा बाल्कनीत उभा असतो ते बघतो, तो माणूस आपला होतो. सख्ख्या शेजाऱ्याला तरी आपण असं सलग दहा तास कुठे बघतो?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये यावर एक लेख लिहिला होता, रेडिओ, टीव्ही, सिनेमा यांवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे नातं जुळतं त्याला त्यांनी पॅरासोशल म्हटलं. म्हणजे नातं एकाच बाजूने, पण वाटतं समोरासमोर बसल्यासारखं. तुम्ही आत्ता माझा आवाज ऐकताय, मी तुम्हाला बघत नाही, पण अर्ध्या तासाने तुम्हाला वाटेल की या बाईंना आपण ओळखतो, तसंच. हे नातं चांगल्या-वाईटाची चौकशी करून जुळत नाही, सहवासाने जुळतं.

आणि सहवासाबरोबर गुपित येतं. ब्रेकिंग बॅड बऱ्याच जणांनी बघितली असेल, २००८ ते २०१३, ६२ एपिसोड, अमेरिकेतल्या अल्बुकर्की गावचा केमिस्ट्रीचा मास्तर वॉल्टर व्हाइट, कॅन्सर झाल्यावर घरच्यांसाठी पैसे ठेवायचे म्हणून ड्रग बनवायला लागतो. तो काय करतो हे सुरुवातीला त्याच्या बायकोला माहीत नाही, मेव्हणा तर ड्रग पकडणारा ऑफिसर, त्यालाही माहीत नाही, माहीत फक्त आपल्याला. ज्याचं गुपित आपण सांभाळतो त्याचे न कळत आपण भागीदार होऊन बसतो. दुसऱ्या सीझनमध्ये एक सीन आहे. त्याच्या साथीदाराची मैत्रीण जेन नशेत उताणी झोपलेली, तिला झोपेतच उलटी होते, श्वास अडकतो. वॉल्टर पटकन पुढे जातो, हात पुढे करतो, आणि थांबतो. तिला नुसतं कुशीवर वळवायचं होतं, बस. नाही वळवत. मी तो सीन नंतर परत लावून बघितला आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मरते ती मुलगी, पण मी बघतेय त्याचा चेहरा, त्याच्या डोळ्यात आलेलं पाणी, आणि मला वाईट वाटतंय तेही त्याच्यासाठीच.

आणि त्याची बायको स्कायलर, जी त्याला अडवते, तिच्यावर लोक इतके चिडले, इतके चिडले की ते काम करणाऱ्या ॲना गनने ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या द्वेषावर लेख लिहिला. नवरा खून करतोय आणि लोकांना राग येतो बायकोचा, कारण ती आपल्या माणसाचं काम बिघडवते! याचा मला फार त्रास होतो. सुचेतावर चिडणारी मी आणि स्कायलरवर चिडणारे ते, फरक नाही.

आपल्या मराठीतच बघा ना. रात्रीस खेळ चाले २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा गोष्ट अण्णा नाईकांच्या मरणापासून होती. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात मागे जाऊन जिवंतपणीचे अण्णा दाखवले, आणि कॅमेरा त्यांच्याबरोबर वाड्यात फिरायला लागला. झालं, लोकांना अण्णांनी वेड लावलं. माणूस तोच, वाईट तेवढाच, बदलली ती फक्त आपली बसायची जागा. अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांचं काम जबरदस्त होतं यात वादच नाही.

पण एक जुनं उदाहरण याच्या उलटं आहे आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आचार्य अत्र्यांचं नाटक तो मी नव्हेच, १९६२ चं. प्रभाकर पणशीकरांचा निपाणीचा भामटा लखोबा लोखंडे बघून आमच्या आधीच्या पिढीने टाळ्यांचा कडकडाट केला, त्याच्या हुशारीवर लोक खूश होते, पण त्याच्या बाजूने कुणी झालं नाही. का? कारण नाटक कोर्टात आहे. ज्यांना त्याने फसवलं त्या बायका एकेक करून साक्षीला येतात, आपल्या तोंडाने सांगतात, मग फिरता रंगमंच फिरतो आणि त्यांच्यावर काय गुदरलं ते आपण बघतो. मजा लखोबाची, पण मुक्काम त्या बायकांच्या घरी. अत्र्यांना हे किती आधी कळलं होतं! आत्ताच्या सिरीज लिहिणाऱ्यांनी हे नाटक एकदा तरी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं.

त्या वर्षी भाऊबीजेला ताई मांजलपूरहून आल्या होत्या. फराळ झाला, बाबा उत्साहाने त्यांना सिरीज सांगायला लागले, हर्षदची गाडी, त्याचा भाऊ, तो कसा बोलतो, सगळं बारीकसारीक. ताई ऐकत होत्या, करंजीचा तुकडा हातातच. मग म्हणाल्या, "बाबा, त्यात आपल्यासारखे कुणी दाखवलेत का हो?"

बाबा जरा थांबले. म्हणाले, "असतील गं. मी त्याच्याकडेच बघत होतो."

बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग बाबांनीच विचारलं, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, "तो मुलगा नवसारीचा होता ना?"

"बिलिमोऱ्याचा," ताई म्हणाल्या.