लेकीची लस, आईची तपासणी

नमस्कार, श्रोतेहो. आजचा विषय आहे गर्भाशयमुखाचा कर्करोग, बायकांच्या बोलण्यातला ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’. मुली जवळ असतील तर रेडिओचा आवाज कमी करू नका. त्यांनाही ऐकू द्या.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, संसारी बाईलाही येतो, त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो. जिथे ठाण मांडतो, तिथे बऱ्याच वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो.

“डॉक्टर, पोरगी अजून सहावीत आहे. आत्तापासून ही एचपीव्हीची लस कशाला?” परळ-लालबागच्या शिकल्यासवरल्या आयाही मला हेच विचारतात. अहो, आत्ताच! शिरलेल्या विषाणूला लस हुसकावत नाही, तो शरीरात येण्याआधीच ती घ्यावी लागते. म्हणून ९ ते १४ हे वय.

डोस किती? याचं उत्तर थोडं अपघातानेच मिळालं. भारतात दोन डोस पुरतात की तीन, याचा अभ्यास सुरू होता. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला, लसीकरण थांबलं आणि हजारो मुली एका डोसवरच राहिल्या. संशोधकांनी त्यांचा माग सोडला नाही. कॅन्सरला मुख्यतः कारण ठरणाऱ्या विषाणूच्या १६ आणि १८ क्रमांकाच्या प्रकारांविरुद्ध एका डोसचं संरक्षणही वर्षानुवर्षं टिकलेलं दिसलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचाही पर्याय मान्य केला. आता पुण्यात तयार झालेली लसही बाजारात आहे.

मुलीला लस दिली म्हणून आईची तपासणीतून सुटका नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत मोठा अभ्यास केला. गर्भाशयमुखाला व्हिनेगरमधलंच सौम्य अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ही तपासणी करत होत्या प्रशिक्षण घेतलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या बायका. मला त्यांचं कौतुक मशीनपेक्षा जास्त वाटतं. जिथे ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

तिशी उलटलेल्या प्रत्येकीने ही तपासणी करून घ्यावी, दुखत नाही. लस घेतलेल्या मुलींनीही पुढे करावी, कारण लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही. महिन्याची पाळी आटोपली की तपासणीला जावं. मात्र संबंधानंतर रक्त जात असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाऊ लागलं, तर शिबिराची वाट बघू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.