बटन दाबायच्या आधीच रक्कम कशी आली?

नमस्कार मंडळी. खानापुरात मामाचं तांदळाचं दुकान आहे. त्याला मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, टीकेइंटर (खिडक्या आणि बटनं करायचं पायथनमधलं साधन) वापरून, एक छोटी खिडकी करून दिली होती. वर वजन, खाली दर, त्याखाली रक्कम आणि शेवटी एक बटन, 'हिशोब'. वजनात आधीच १ आणि दरात ४० भरून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी मामाचा फोन.

"अरे, मी बटन दाबलोच नाही, चाळीस रुपये आले कुठनं? आणि आता दाबालोय तर काहीच होईना की!"

तक्रारी दोन, पण चूक एकच होती. आज तीच नीट बघू, कारण शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ती होते.

(स्क्रीनवर कोड.) ही ओळ बघा. बटन तयार करताना कमांड म्हणून, म्हणजे दाबल्यावर काय करायचं ते म्हणून, 'हिशोब' हे फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) द्यायचं असतं. मी लिहिलं होतं हिशोब, आणि पुढे दोन कंस. ते कंस म्हणजे 'आत्ता चालव'. पायथननं ओळ वाचली, फंक्शन तिथल्या तिथे चालवलं, १ गुणिले ४० केलं आणि रक्कम भरून टाकली. त्या वेळी खिडकी पडद्यावर आलेलीही नव्हती. फंक्शननं परत काहीच दिलं नाही, म्हणजे नन, पायथनचं 'काहीच नाही'. बटनाच्या हातात पडलं ते हेच नन. मग मामा कितीही दाबू दे, बटन करणार काय?

दुकानातल्या पोराला आपण सांगून ठेवतो, "गिऱ्हाईक आलं की मला हाक मार." हाक आत्ता मारायची नसते, गिऱ्हाईक आल्यावर मारायची असते. कमांडमध्ये आपण हेच सांगून ठेवतो. म्हणून नुसतं नाव लिहायचं, कंस नाहीत. शेवटच्या ओळीतलं मेनलूप वाट बघत बसतं आणि क्लिक झालं की आपण दिलेलं फंक्शन चालवतं.

कंस काढले, बटन चालू झालं. ५० किलो, दर ४०, रक्कम २०००. बरोबर. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, तोच दर, वजन ६२ किलो. रक्कम २४८० यायला हवी. आली २४८०२०००. दोन कोटी अठ्ठेचाळीस लाख दोन हजार!

रक्कम चौकटीत भरायला मी इन्सर्ट वापरलं होतं. ते जुनं पुसत नाही, फक्त नवीन मजकूर आत घुसवतं. मी जागा शून्य, म्हणजे अगदी सुरुवातीची, दिली होती, म्हणून नवा आकडा जुन्याच्या पुढ्यात जाऊन बसला. म्हणून आधी डिलीट, शून्यापासून एंडपर्यंत (शेवटपर्यंत), आणि मगच इन्सर्ट. हा क्रम हाताला लागला पाहिजे. (अनेक ओळींची टेक्स्ट चौकट असेल तर सुरुवात शून्यावरून नाही, एक-पॉइंट-शून्यावरून होते. पहिली ओळ, शून्यावं अक्षर.)

रकमेच्या चौकटीत कुणी हातानं लिहू नये म्हणून ती रीडओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करावीशी वाटते. करा, पण मग तुमचं स्वतःचं इन्सर्टसुद्धा तिथे चालत नाही, आणि एररही येत नाही. मी स्ट्रिंगव्हार वापरतो, म्हणजे मजकूर ठेवायचा टीकेइंटरचा एक डबा. चौकटीला तो टेक्स्टव्हेरिएबल म्हणून जोडायचा आणि फंक्शनमध्ये फक्त सेट करायचा. चौकट बंद असली तरी आकडा बदलतो, आणि पुसापुशीही करावी लागत नाही.

आता आकडे वाचायचं. चौकटीतून गेट केलं की जे मिळतं तो आकडा नसतो, मजकूर असतो. त्याचा आकडा करायला इंट. साडेएकोणपन्नास किलोसारखं वजन येणार असेल तर फ्लोट. इथली एक गोष्ट मला मनापासून आवडते. आपल्याकडे, बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात, कुणाच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड असतो, कुणाच्या कन्नड, आणि दुकानात दोन्ही भाषा चालतात. पायथनच्या इंटला इंग्रजी अंक चालतात, आपले ५० चालतात आणि कन्नड अंकही चालतात. त्यासाठी एक ओळसुद्धा जास्तीची लिहावी लागत नाही. आता लगेच करून बघा.

चालत नाही ते '५० किलो'. स्वल्पविराम घातलेलं १,२०० पण नाही. तेव्हा व्हॅल्यूएरर, म्हणजे 'याचा आकडा होत नाही' असा एरर, येतो, आणि मामासारख्या माणसाची खरी अडचण इथेच आहे. टीकेइंटर तो एरर टर्मिनलच्या काळ्या खिडकीत छापतं आणि पुढे चालत राहतं. दुकानात ती काळी खिडकी उघडी नसते. मामाला दिसतं ते एवढंच, की दाबलं आणि काही झालं नाही. म्हणून इंटची ओळ ट्रायमध्ये ('करून बघ') ठेवा, एक्सेप्टमध्ये ('नाही जमलं तर') व्हॅल्यूएरर पकडा आणि खिडकीत खाली एक लेबल (नुसता मजकूर दाखवणारी पट्टी) ठेवून त्यावर सरळ मराठीत लिहा: 'वजनात फक्त आकडा घाला'. आणि हिशोब बरोबर झाला की ते लेबल रिकामं करायला विसरू नका, नाहीतर रक्कम बरोबर येऊनही खाली जुनी सूचना तशीच लटकत राहील.