‘कर्र’ कुठून येतं?

(ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या गणेशोत्सवात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. माइकची खरखर आणि मध्येच झालेली आरती तेवढी गाळली आहे.)

मंडळी, नमस्कार. माझ्या आधी मोदक स्पर्धेचा निकाल लागला आणि माझ्यानंतर हाउजी आहे. तेव्हा लोक कशासाठी थांबलेत ते मला नीट माहीत आहे.

सेक्रेटरीसाहेबांनी विषय दिला होता ‘गाडीची निगा’. पण परवा त्यांना भेटायला आलो तेव्हा तुमच्या पार्किंगमध्ये जरा उभा राहिलो. दहा मिनिटांत तीन गाड्या रिव्हर्सला पडल्या आणि त्यातल्या दोन कर्र करून पडल्या. म्हटलं, निगा राहू दे, गिअर टाकतानाच्या या आवाजावरच बोलू. वागळे इस्टेटला तीस वर्षं गॅरेज चालवतोय. या ‘कर्र’वर माझं घर चाललंय, पण आज खरं सांगून टाकतो.

ही पिशवी पुढे फिरवा. जपून, तेल लागेल. आत पितळेची एक रिंग आहे. बायकांच्या पाटलीएवढी दिसते, पण बांगडी म्हणून कोणी घालू नका. दुसरी मोठी चकती आहे ती क्लच प्लेट. दोन्ही गाड्यांतून काढलेल्या, मेलेल्या.

बहुतेकांना वाटतं, गिअर टाकला की आत दोन दातेरी चाकं जवळ येतात आणि एकमेकांत अडकतात. गाडी पुढे नेणाऱ्या गिअरांचं तसं नाही. ती चाकं कायमच एकमेकांत अडकलेली असतात, पाचही जोड्या एकाच वेळी फिरत असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं गरगरत असतं. तुम्ही लिव्हर ढकलता तेव्हा आत एक स्लीव्ह, म्हणजे शाफ्टबरोबर फिरणारी दातेरी कडी, सरकते आणि त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. जखडताना दोघांचा वेग एक नसेल, तर स्लीव्हचे दात आणि चाकाच्या बाजूचे बारके दात एकमेकांवर खरवडतात. तेच कर्र. आवाज मोठ्या गिअरांचा नसतो, या बारक्या दातांचा असतो. त्यांची टोकं एकदा गोल झाली की गिअर बसतो आणि उडीवर बाहेर येतो.

आता ही पितळी रिंग कशाला? ठाण्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. सुटलेल्या लोकलमध्ये चढणारा आधी डब्याबरोबर चार पावलं धावतो, मग दांडा धरतो. (धरू नये. पण आपण पाहिलंय.) उभ्या उभ्या दांडा धरला तर खांदा निखळेल. रिंग हे धावण्याचं काम करते. स्लीव्हच्या आधी ती त्या चाकाच्या शंकूसारख्या भागावर घासते, दोघांचा वेग सारखा करते आणि तोवर स्लीव्हला वाट देत नाही. लिव्हर पुढे जाताना मध्ये क्षणभर अडखळल्यासारखी वाटते ना? तेव्हा रिंग धावत असते. नव्या रिंगच्या आतल्या बाजूला बोट फिरवलंत तर बारीक आटे लागतील. हे आटे शंकूवरचा तेलाचा थर कापतात, म्हणून रिंगला पकड मिळते. ते झिजून गुळगुळीत झाले की रिंग तेलावरून घसरते. पिशवीतली रिंग तशीच आहे, बोटाला काहीच लागणार नाही. अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ साली ही युक्ती गाड्यांमध्ये आणली. त्याआधी हे धावणं ड्रायव्हरलाच करावं लागायचं.

आमच्या उमेदवारीतही थोडं करावं लागे. प्रीमिअर पद्मिनीच्या पहिल्या गिअरला रिंग नव्हती. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला होती. म्हणजे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही. मी पोर. गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला घेऊन तीन हात नाक्याकडे निघालो आणि सिग्नलला गाडी रांगत असतानाच स्टिअरिंगजवळचा दांडा पहिल्यात ओढला. असा आवाज झाला की फुटपाथवरचा कुत्रा उठून गेला. परत आल्यावर उस्ताद ओरडले नाहीत. गिअरबॉक्सचं तेल काढलं, ताटलीत घेतलं आणि बॅटरी मारून मला दाखवलं. तेलात चमचम होती. म्हणाले, ‘हे तू केलंस.’ त्यानंतर डबल क्लच शिकलो: क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड, जरा रेस दे, परत क्लच दाब, खालचा गिअर टाक. आजही कोणाच्या दुसऱ्या गिअरची रिंग गेली असेल आणि गॅरेजपर्यंत पोचायचं असेल, तर हीच युक्ती चालते.

आणि आधी जातो तो बहुधा दुसराच गिअर. कारण पहिल्या-दुसऱ्यातली उडी सगळ्यांत मोठी, आणि शहरात हीच उडी दिवसातून शेकडो वेळा मारावी लागते. सोसायटीतली तरुण मंडळी मागे उभी आहेत, त्यांच्यासाठी हिशोब सांगतो. पहिल्यात इंजिन अडीच हजार आरपीएमवर (म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे) असताना दुसरा टाकलात तर आतल्या शाफ्टला साधारण तेराशे-चौदाशेवर यावं लागतं. सहा हजारापर्यंत ताणून मग दुसरा हाणलात तर त्याच शाफ्टला तेहतीसशेपर्यंत आणायचं असतं. फरक दुपटीहून थोडाच जास्त वाटतो, पण फिरत्या वस्तूतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. रिंगला जिरवावं लागणारं काम पाच ते सहा पट होतं. आणि तुम्ही ते निम्म्या वेळात करून मागता, वर मनगटाचा जोर. रिंग करते बिचारी. रोज करवून घेतलंत तर आटे जातात.

पण हात चपळ असणं हा गुन्हा नाही. वेग जुळलेला असेल तर गिअर झटकन टाका, दोन बोटांनी पडेल. जोर लावावा लागला की समजा, आत कोणीतरी नको म्हणतंय.

आता ज्यांनी मागे वळून पोरांकडे पाहिलं, त्या काकांकडे येतो. माझ्याकडे क्लच प्लेटसाठी येणाऱ्या गाड्या बघितल्या तर हाणामारी करणारे पोरगे कमीच असतात. येतात ती अतिशय सांभाळून चालवणारी माणसं. क्लचवर पाय ठेवून. सतत. गायमुखच्या चढावर ट्रॅफिक अडकलंय, पुढचा ट्रक फूटभर सरकतो, आणि हे ब्रेक न दाबता हाफ क्लचवर, म्हणजे पॅडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरतात. त्यांना वाटतं, केवढी सफाई! ज्या क्षणी गाडी अशी तरंगत असते, त्या क्षणी प्लेट आत घासली जात असते. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडवर जी वर्षं गेली, त्यातली बरीचशी आपल्या क्लचांच्या खात्यावर जमा आहेत.

दुसरी चकती बघा. दोन्ही बाजूंना अस्तर आहे आणि ते रिव्हेटांनी बसवलंय. रिव्हेटांची डोकी अस्तराच्या आत बुडलेली असतात. झिजायला मिळतं ते तेवढंच, नखाएवढं. त्यानंतर रिव्हेट फ्लायव्हीलवर, म्हणजे प्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चाकावर, चरे पाडायला लागतात आणि बिल वाढतं. बऱ्याच डिझेल गाड्यांत दोन भागांचं फ्लायव्हील असतं, तिथे बिलाचा आकडा मी या मांडवात बोलत नाही, बाप्पा बसलेत.

क्लच खातो किती? गाडी जागेवरून उठवताना तिला जेवढी ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच उष्णता क्लचमध्ये होते. हे टाळता येत नाही. पण किती आरपीएमवर क्लच सोडता ते तुमच्या पायात आहे. माणसं धरून हजार किलोची गाडी समजा. हजार आरपीएमवर अलगद उठवली, तर क्लच पूर्ण धरेपर्यंत ती ताशी सात-आठ किलोमीटरवर येते, उष्णता होते सव्वादोन किलोज्यूल. तीन हजारांवर रेस देऊन सोडली तर गाडी बावीसवर जाऊन क्लच धरतो, आणि उष्णता जवळपास वीस किलोज्यूल. तिप्पट रेस, नऊ पट ताप. वीस किलोज्यूल म्हणजे साठ-पासष्ट मिली पाणी उकळेल एवढी. म्हणजे एक कटिंग. कापूरबावडीच्या सिग्नलला रोज हिरवा पडला की तुम्ही क्लचवर एक कटिंग उकळताय, तेही न पिता. करपट वास येतो तो त्याचाच.

क्लच एकदम सोडण्याची खोड असेल तर ताप कमी होतो खरा, पण झटका पुढे जातो: प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा, एक्सलचे सांधे, इंजिनखालची रबरी माउंटिंग. एका ठिकाणी वाचवलेलं दुसरीकडे देता.

आणखी एक खोड, निर्दोष दिसणारी. डावा हात गिअरच्या दांड्यावर विसावलेला. आतमध्ये त्या दांड्याला जोडलेला फोर्क फिरत्या स्लीव्हच्या खाचेत बसलेला असतो. हात ठेवलात की तो फोर्क तिथे टेकतो. हाताचं वजन थोडं, पण किलोमीटर हजारो. हात स्टिअरिंगवर ठेवा, नाहीतर बायकोच्या हातात द्या, हाउजीपर्यंत जागा रिकामी आहे.

हायवेवरची एकच गोष्ट सांगतो, कारण ती झिजवत नाही, एका फटक्यात मोडते. आता आमण्यावरून समृद्धीला लागता. शंभरच्या वेगात पाचव्यातून चौथ्यात आणायला जाता, घाईत दांडा स्वतःपासून लांब, डावीकडे ढकलला जातो आणि सापडतो दुसरा. पाचव्यात इंजिन पावणेतीन हजारांवर होतं, ते क्लच सोडताच सात हजारांच्या वर फेकलं जातं. लोक म्हणतात, ‘लिमिटर असतो ना.’ लिमिटर पेट्रोल तोडतो. इथे इंजिनाला पेट्रोल फिरवत नाहीये, चाकं फिरवतायत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या वेगाला पुऱ्या पडत नाहीत, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही, पिस्टन वर येऊन त्याला भेटतो. पाचवा-चौथा करताना मूठ आवळू नका. तळहाताने सरळ मागे ढकला, दांडा स्प्रिंगने आपोआप मधल्या रांगेत येतो.

उतारावर मात्र गिअर हवाच. घाट उतरताना न्यूट्रल नको, क्लच दाबून घरंगळणं तर नकोच. पण सपाट रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला चौथा-तिसरा-दुसरा-पहिला असं जिना उतरू नका. ब्रेकचे पॅड क्लचपेक्षा फार स्वस्त पडतात.

‘ऑटोमॅटिक घेतली की सुटलो ना?’ त्या ताई विचारतायत. एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सवर बसवलेली ऑटोमॅटिक, असेल तर नाही सुटलात. आत हीच प्लेट, हीच पितळी रिंग असते, फक्त तुमच्या पायाऐवजी मोटर काम करते. चढावर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी धरून ठेवलीत तर तिथेही हाफ क्लचच होतो. ब्रेक दाबा.

आता तुमच्या पार्किंगवर येतो. रिव्हर्सचं कर्र वेगळं. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला रिंगच नसते. गाडी उभी असली तरी क्लच दाबल्यावर आतला शाफ्ट सेकंद-दोन सेकंद फिरतच राहतो, पंखा बंद केल्यावर फिरतो तसा. तुम्ही त्याच क्षणी दांडा ओढता. क्लच पूर्ण दाबा, दोन आकडे मोजा. वेळ नसेल तर आधी पहिल्यात टाका, त्याची रिंग शाफ्टला थांबवेल, मग रिव्हर्स टाका. एवढं करूनही कर्र झालं तर गॅरेजला यायच्या आधी वाकून बघा. क्लचखाली जाड रबरी मॅट गोळा झालेली असते आणि पॅडल तळाला पोचतच नाही. मी अशा मॅटांवर पैसे घेतलेले नाहीत. एकदा घेतले होते, ते परत केले.

क्लच घसरतोय का ते बघायचं असेल तर मोकळ्या जागी, पुढे कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकही दाबा, चौथ्यात टाका आणि हलकी रेस देऊन क्लच सावकाश सोडा. इंजिन गुदमरून बंद पडलं तर क्लच चांगला आहे. मजेत फिरत राहिलं तर प्लेट संपली. एकदाच बघा. रोज बघत बसलात तर त्यानेच संपेल.

ती रिंग कुठवर पोचली? मागच्या रांगेत? हाउजीच्या आधी परत द्या, पुढच्या सोसायटीत तीच दाखवायची आहे.