पांझरेचे फड

(दृश्य: पिंपळनेरच्या पश्चिमेचे डोंगर, खाली नदीचं पात्र)

पांझरा धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीत उगम पावते. पिंपळनेर, साक्री, धुळे अशी गावं आणि शहर मागे टाकत मुडावदजवळ तापीला मिळते. पाऊस डोंगरात भरपूर पडतो. साक्रीच्या पुढे तो झपाट्याने कमी होतो आणि धुळ्याकडे वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटरवर येतो. पाणी वर पडतं, शेती खाली आहे.

यावर इथल्या गावांनी तीनशे-चारशे वर्षांपूर्वी तोड काढली: फड पद्धत. पांझरेवर, आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात मोसम आणि आरम या नद्यांवरही. नदीत आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या बगलेतून निघणारा पाट, आणि पाटाखालची जमीन, म्हणजे थळ. पाट कुठे दोन किलोमीटरचा, तर कुठे बारा. वरच्या थळात जिरलेलं पाणी झिरपून पुन्हा नदीला मिळतं आणि खालच्या बंधाऱ्याच्या वाट्याला येतं.

बंधारे काय, देशभर आहेत. खानदेशाचं वेगळेपण भिंतीत नाही, जमिनीच्या वाटणीत आहे.

(दृश्य: थळाचा रेखाटलेला नकाशा, चार रंगांत चार फड)

थळाचे साधारण चार भाग करायचे. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. फड दहा हेक्टरांचाही असतो, दोनशेचाही. एका फडात एका वर्षी एकच पीक. समजा एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात आणखी काही हंगामी, चौथा पडीक. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. त्यामुळे एकाच जमिनीला वर्षानुवर्षं उसाचं पाणी बसत नाही, ती पाणी साचून चिबडत नाही, तिचा कस टिकतो.

आता खरी मेख. शेतकऱ्याची जमीन एका जागी सलग नसते. प्रत्येक फडात त्याचा एकेक पट्टा असतो. ज्याची दोन एकर आहे त्याची या फडात अर्धा एकर, त्या फडात अर्धा एकर. नदीला पाणी कमी असलं की पंच ठरवतात, यंदा चारांपैकी दोनच फड भिजवायचे, उसाला सुट्टी. दोन एकरवाल्याचा एक एकर कोरडा राहतो, वीस एकरवाल्याचे दहा. टंचाई आली की भिजणारं क्षेत्र आखडतं, माणूस वगळला जात नाही.

कालव्यावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, शेपटाकडचा असणं म्हणजे काय. वरचा उपसतो आणि खालचा वाट बघतो. सरकारी कालव्यांवर हे भांडण मिटवायला दरवाजे, पोलिस बंदोबस्त, पंचनामे, सगळं वापरून झालं. फडात प्रत्येकाचे पट्टे वरही असतात आणि खालीही, त्यामुळे शेपूट कापण्यात कुणाचाच फायदा नसतो.

(दृश्य: पाटाचं पाणी चारीतून वाफ्यात वळवणारा माणूस)

पाणी भरण्याचं काम शेतकरी स्वतः करत नाही. ते पाटकऱ्याचं. तो पट्ट्यामागून पट्टा भिजवत जातो, दिवसा आणि रात्रीही. पिकाची राखण जागल्या करतो. एकच पीक असल्याने सगळ्यांना पाणी एका वेळी लागतं, कापणी एका वेळी येते, आणि राखणही एकाच माणसावर भागते. या सगळ्यांवर देखरेख करणारा गावाचा हवालदार. मोबदला पूर्वी धान्यातच मिळे, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायचा. पाटातला गाळ काढायचा, बंधाऱ्याची डागडुजी करायची, तेही जमिनीच्या प्रमाणात. भिजवण्याचा हक्क आणि फावडं धरण्याची जबाबदारी एकाच मापाने मोजलेली.

मात्र फडाचं कौतुक करणारे एक गोष्ट सोडून देतात. हा न्याय थळाच्या आतला आहे. ज्याची जमीन पाटाच्या वर, त्याला काही नाही. ज्याला जमीनच नाही, तो पाटकरी होईल, जागल्या होईल, पाण्याचा वाटेकरी होणार नाही. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा नेमकं इथेच बोट ठेवलं. पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता कुटुंबातल्या माणसांच्या संख्येला जोडला, भूमिहीनालाही वाटा दिला, आणि ऊस बंद केला. फडाने टंचाई सारखी वाटली; पाणी पंचायतीने हक्काचा पायाच बदलला.

(दृश्य: लाटीपाडा धरणाची भिंत)

मग फड मोडकळीला का आले? गावकरी भांडले म्हणून आले, असं म्हणणं सोपं आहे. पांझरेवर लाटीपाडा, पुढे अक्कलपाडा, मोसमवर हरणबारी अशी धरणं झाली. नदी वाहती होती तेव्हा किती पाणी आहे हे बंधाऱ्यावर उभं राहून कळायचं. आता ते आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या, तारखेवर अवलंबून असतं आणि तारीख गावाबाहेर ठरते. त्यात विहीर आली, विजेचा पंप आला. ज्याच्या पट्ट्यात विहीर, तो पंचांच्या बैठकीला कशाला थांबेल? तो हवं ते पीक लावतो. गव्हाच्या फडात एकाचा ऊस उभा राहिला, की पाटकऱ्याची पाळी बिघडते, शेजारच्या पट्ट्यात ओल चढते, आणि एका पिकाचा नियम कागदावर उरतो.

काही थळांवर पाट आजही चालतो. पण नुसती भिंत दुरुस्त करून फड परत येत नाही. सिमेंटसाठी निधी मिळतो, विहिरींना नियमात आणणाऱ्या बैठकीसाठी मिळत नाही.

(दृश्य: बारीपाड्याचं जंगल, वनभाज्यांनी भरलेली पानं)

याच साक्री तालुक्याच्या डोंगरात बारीपाडा आहे, आदिवासींचं छोटं गाव. नव्वदच्या दशकात इथला डोंगर जवळजवळ उघडा पडला होता. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी नियम केले: झाड तोडायचं नाही, राखलेल्या भागात गुरं सोडायची नाहीत, मोडलं तर दंड. दंड गावाने ठरवला, गावच वसूल करतं. आज चारशेहून अधिक हेक्टर जंगल गावाच्या राखणीत आहे. उतारावर बांध घातले, पाणी अडलं, भात पिकू लागला. दरवर्षी गावातल्या बायका रानभाज्या रांधतात, त्यांची स्पर्धा लागते, आणि कुठली भाजी जंगलाच्या कुठल्या कोपऱ्यात सापडते हे पुढच्या पिढीला ताटातूनच कळतं. २०२५मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली.

डोंगरावर झाडोरा राहिला की पावसाचं पाणी एका दमात वाहून जात नाही. माती जागेवर राहते, ओढे उशिरापर्यंत वाहतात, खालच्या बंधाऱ्यांत आणि धरणांत गाळ कमी येतो. जंगल राखणाऱ्या गावाने गुरांची चराई सोडलेली असते, सरपणाला लांब जाणं पत्करलेलं असतं. त्याचा हिशेब खाली कुणी मांडत नाही. धरणाचं आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरतं. ती लाभक्षेत्राची, म्हणजे कालव्याखाली भिजणाऱ्या जमिनीची, बैठक. वर डोंगर राखणाऱ्या गावांना तिथे खुर्ची नसते. राज्याच्या २००५च्या सिंचन कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून घेण्याचा हक्क दिला, पण तोही कालव्याच्या दरवाजापासून पुढचा. दरवाजाच्या वरच्या नदीबद्दल, म्हणजे ओढे, उतार, कुरणं आणि जंगलाबद्दल बारीपाडा आणि खालचे बागायतदार एकमेकांशी कुठे बोलणार, ती जागा पांझरेच्या खोऱ्यात अजून कुणी तयार केलेली नाही.