चेन्नईला जाण्यापूर्वी

श्रोतेहो, नमस्कार. महाविद्यालयात एनसीसीचा गणवेश घालणाऱ्या आणि सैन्यात अधिकारी होण्याची इच्छा मनात बाळगणाऱ्या मुलामुलींशी, तसेच त्यांच्या घरच्यांशी, मी आज बोलणार आहे. एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी, म्हणजे एनसीसीच्या कॅडेट्सना सैन्यात अधिकारी होण्यासाठी असलेल्या खास प्रवेशासाठी, लेखी परीक्षा नसते. पदवीला किमान 50 टक्के गुण आणि एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असेल, तर अर्जांच्या छाननीनंतर थेट एसएसबीची, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची कसोटी होते, मग वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर गुणवत्ता यादी. यादीत नाव आले, की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत 49 आठवड्यांचे प्रशिक्षण. तेथे एक तुकडी एप्रिलमध्ये सुरू होते आणि एक ऑक्टोबरमध्ये. मी बोलते आहे ते एप्रिलच्या तुकडीविषयी, कारण तेथे पहिलीच गाठ चेन्नईच्या उन्हाळ्याशी पडते.

मुलांसाठी धावण्याचा निकष आहे 2.4 किलोमीटर, साडेदहा मिनिटांत. पुन्हा सांगते, 2.4 किलोमीटर, साडेदहा मिनिटांत. म्हणजे 400 मीटरच्या मैदानाच्या सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला 1 मिनिट 45 सेकंद. मुलींना 13 मिनिटे मिळतात. केवळ पहाटेच्या गारव्यात धावणाऱ्याचे शरीर उन्हाला सरावत नाही. त्या सरावाला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून निघण्यापूर्वीचे दोन आठवडे थोडे थोडे उन्हात, भरपूर पाणी पिऊन, धावावे. बूट मात्र दोन महिने आधीच पायात असावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी कौतुकाने नवे बूट आणून देणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, की तो खर्च डिसेंबरातच करावा.

आता नकाशाविषयी. मी अनेक वर्षे एका महाविद्यालयात एनसीसीची सहयोगी अधिकारी होते. आमच्या एका वार्षिक शिबिरात रात्रीच्या दिशाशोधनाचा सराव होता. आठ मुलींच्या तुकडीची प्रमुख तृतीय वर्षाची एक सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे वरिष्ठ हुद्द्याची कॅडेट, होती, आणि मी मागून, एक शब्दही न बोलता, चालायचे असे ठरले होते. एका मोरीपासून 800 मीटरवर एक बांधीव विहीर गाठायची होती. त्या मुलीने 100 मीटरला आपली किती पावले होतात हे आदल्या दिवशी मोजून ठेवले होते आणि उजव्या खिशात आठ खडे घेतले होते. दर 100 मीटरला एक खडा डाव्या खिशात जात होता. कंपास जुना होता, त्याच्या आकड्यांवरचा चमकता रंग विझत आलेला, म्हणून ती दर थांब्याला पत्र्याची विजेरी अगदी कंपासला टेकवून बेअरिंग, म्हणजे चालायच्या दिशेचा अंशांतला कोन, वाचत होती.

आठवा खडा डाव्या खिशात गेला, आणि समोर उसाचा फड. विहीर कोठेच नाही. मागून मुली कुजबुजू लागल्या, ‘‘थोडं पुढं जाऊन बघू, असेल इथंच.’’ ती थांबली, वळली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘‘नाही. मी चुकले आहे. कुठं चुकले ते अजून कळलेलं नाही; पण खडे संपले आणि विहीर आली नाही. मोरीवर परत चला.’’ रात्रीचे अकरा वाजले होते, पाय दमले होते, तरी एकीनेही कुरकुर केली नाही.

मोरीच्या कठड्यावर तिने कंपास ठेवला आणि विजेरी खाली टेकवण्यासाठी हात दूर नेला. कंपासची तबकडी डोळ्यांदेखत सरकली. तिने विजेरी पुन्हा जवळ आणली. तबकडी पुन्हा फिरली, चांगली बारा अंश. विजेरीचा पत्रा आणि आतल्या सेलची पोलादी वेष्टने चुंबकाला खेचत होती. बारा अंशांची चूक 800 मीटरवर सुमारे 165 मीटर होते, म्हणूनच विहिरीऐवजी ऊस! तिने सातही जणींना वाकून ते पाहायला लावले, विजेरी लांब उभ्या असलेल्या मुलीकडे दिली, आठ खडे पुन्हा उजव्या खिशात भरले आणि निघाली. या वेळी आठव्या खड्याला विहिरीचा काठ पायाला लागला.

त्यांची तुकडी त्या रात्री सर्वांत शेवटी परतली. पुढे ती मुलगी चेन्नईला गेली आणि अधिकारी झाली, याचे मला यत्किंचितही आश्चर्य वाटले नाही. कॅडेटला केवळ प्रजासत्ताक दिनाच्या संचलनापुरते बोलावणारी महाविद्यालये मुलांना अशा रात्री देत नाहीत, हे माझे जुने दुःख आहे.

तेव्हा नकाशा, कंपास आणि स्वतःची पावले, यांची ओळख आत्ताच करून घ्या. आणखी एक, पोहणे. पोहता येणे तेथे अपेक्षित असते, आणि नेमके तेच शेवटपर्यंत राहून जाते. येत नसेल तर याच आठवड्यात तलावावर नाव नोंदवा. जय हिंद.